कडी घालणारा हात

“आणि हात?” डॉक्टरांनी विचारलं. “तो कसा स्थिर ठेवायचात?”

“कुणाचा?”

“तुमचाच. पाखराच्या पायात कडी घालताना.”

केरूनाना बांधावरून पुढे चालत राहिले. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. डॉक्टर चिखल चुकवत मागून येत होते.

…

“पाखराचं विचारा की,” नाना म्हणाले. “ते कुठं स्थिर असायचं? मुठीत त्याचं काळीज नुसतं घुमायचं.”

“पण तुमचा हात, नाना…”

“उद्या या. येताना दुर्बीण आणा.”

एवढंच.

तांबवडीचं तळं गावापासून चार किलोमीटरवर. एके काळी गाव ह्याच तळ्याचं पाणी पीत असे. मग धरणावरून नळ आले आणि गाव तळ्याला विसरलं. विसरलं म्हणूनच ते वाचलं, असं म्हणायला हवं. काठाला पाणकणसं माजली, बाभळी पाण्यात उतरल्या आणि दर हिवाळ्यात उत्तरेकडची बदकं तिथे येऊन राहू लागली.

केरूनाना भोई. वय पंचाहत्तरीच्या घरात. तरुणपणी ह्याच तळ्यात मासे धरायचे. एका हिवाळ्यात शहरातून पक्ष्यांचा अभ्यास करणारी मंडळी आली. बारीक जाळी लावून पाखरं धरायची, पायात आकडा कोरलेली कडी घालायची आणि सोडून द्यायची, असं त्यांचं काम. त्यांना जाळं जाणणारा माणूस हवा होता. नाना त्यांच्याबरोबर गेले आणि एकोणतीस हिवाळे तेच करत राहिले.

दोन चमचे साखरेएवढ्या वजनाचा वटवट्या, त्याची सुतासारखी तंगडी, तिच्यात कडी. अजून लोक सांगतात, नानांच्या मुठीत पाखरू झोपी जायचं.

डॉक्टरांनी हेच ऐकलं होतं. म्हणून ते आले होते.

नानांना मात्र त्यांनी वेगळंच सांगितलं होतं. म्हणाले, रक्तदाब वाढलाय, सकाळी चालायला सांगितलंय, आणि पक्ष्यांची आवड आहेच.

डॉक्टर रमाकांत हुपरीकर म्हणजे गावातले डोळ्यांचे डॉक्टर. अठ्ठावीस वर्षं मोतीबिंदू काढत होते. तीन तालुक्यांत त्यांच्या हाताचा असा बोलबाला, की कुणा बाईने सुईत पहिल्याच फटक्यात दोरा ओवला तर शेजारीण म्हणायची, “हुपरीकरांचा हात लागला जणू!”

तो हात आता थरथरत होता.

चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा. सूक्ष्मदर्शकाखाली रोग्याचा डोळा परातीएवढा दिसतो. त्या परातीवर त्यांच्या हातातल्या सुईचं टोक वाऱ्यातल्या फांदीसारखं हललं. क्षणभरच. त्यांनी श्वास रोखला, काम पुरं केलं, हातमोजे काढले आणि नर्सला म्हणाले, “आज एसी फार गार ठेवलाय.”

तेव्हापासून रोज काहीतरी कारण. कधी एसी, कधी अपुरी झोप, कधी चहा. साध्या शस्त्रक्रिया त्यांनी हाताखालच्या डॉक्टर तबस्सुम मुजावरवर सोपवल्या. “शिकायला मिळेल तुला,” असं वर म्हणाले. कठीण होत्या त्या पुढे ढकलल्या. घरी चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. बायकोने विचारलं तर म्हणाले, “थंडी आहे.”

कुणालाही सांगितलं नाही.

त्या शुक्रवारी ते तळ्यावरून परतले ते चडफडतच. ह्या म्हाताऱ्यापाशी काहीतरी गुपित आहे. श्वास कसा घ्यायचा, अंगठा कुठे टेकायचा. आहे त्याच्यापाशी, आणि देत नाही.

शनिवारी ते दुर्बीण घेऊन गेले. नवी कोरी, महागाची.

नानांनी पाणकणसांच्या पलीकडे हनुवटीने दाखवलं. “बगा. काय दिसतंय?”

डॉक्टरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. दुर्बिणीतून पाखरू दहापट जवळ येतं. हाताची थरथरही दहापट होते. समोरचं पाणी, कणसं, काळे ठिपके, सगळं कढईतल्या मोहरीसारखं तडतडत होतं.

“काय हाय?”

“अडई,” डॉक्टर म्हणाले. आदल्या संध्याकाळी पुस्तकातली बदकांची चित्रं त्यांनी पाठ केली होती.

“किती?”

“चार.”

“चोच?”

“काळपट.”

…

“अडया मघाशीच उठल्या,” नाना म्हणाले. “तुमी बगताय ती बाभळीची खुंटं हायत.”

डॉक्टरांनी दुर्बीण खाली घेतली. “उन्हाची तिरीप आली डोळ्यांवर.”

ऊन पाठीमागून येत होतं. नानांनी मान वळवून सूर्याकडे एकदा पाहिलं. आणि चालू लागले.

डॉक्टरांना नानांचं हे चालणं सहन होईना. अर्धा कोस बांध, मग ओढ्याचं तोंड, मग बाभळी, मग पुन्हा बांध. मध्येच एखादा खंड्या निळा चटका देऊन जाई. चिखलात शेकाटे आपल्या काटकुळ्या लाल पायांवर हिंडत असत. डॉक्टरांचं कशात लक्ष लागत नव्हतं. पुढच्या गुरुवारचं ऑपरेशन डोक्यात सारखं टोचत होतं.

“नाना, आपण सारखं चालतोय कशाला?”

“तुमाला उभं राहवत न्हाई म्हणून.”

सोमवारी नाना एक पत्र्याची डबी घेऊन आले. तळ्याच्या मोरीपाशी दगडी कट्टा आहे, तिथे बसले. डबी उघडून पुढे ठेवली. आत जुन्या कड्या होत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या, वजन नसल्यासारख्या.

नानांनी गवताची एक वाळकी काडी तोडून दिली. “धोबी पाखराची तंगडी अशीच असती. घाला कडी.”

डॉक्टरांचे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात होते. ते तिथेच राहिले.

“चष्मा आणला नाही आज.”

“डोळ्यांचं डॉक्टर,” नाना म्हणाले.

हसले नाहीत. त्यांनी हसायला हवं होतं, असं डॉक्टरांना वाटलं. हसणं सोपं गेलं असतं.

“तुम्हीच घाला ना,” डॉक्टर म्हणाले. “मला तुमचा हात बघायचाय. त्यासाठीच तर…”

ते थांबले. पण निसटायचं ते निसटलंच होतं.

नानांनी पाठीमागचे हात पहिल्यांदाच पुढे घेतले. डाव्या हातात काडी घेतली. उजव्याच्या चिमटीत कडी उचलली.

आणि डॉक्टर बघतच राहिले.

तो हात थरथरत नव्हता, गदगदा हलत होता. कडी काडीच्या टोकाशी गेली, बाजूला गेली, पुन्हा टोकाशी गेली. मग चिमटीतून सुटून गवतात पडली. नानांनी ती शोधली नाही. हात मांडीवर ठेवला. तिथेही तो हलतच राहिला.

“कधीपासून?” डॉक्टरांनी विचारलं.

“सोळा वर्सं झाली.”

“कळलं कसं?”

“आदी पाखराला कळलं. मग मला.”

“आणि लोकांना? त्या शहरातल्या मंडळींना? त्यांना कधी सांगितलंत?”

…

पाण्यावर एक टिबुकली वर आली, त्यांच्याकडे पाहून पुन्हा बुडाली.

“एक हिवाळा लपवलं,” नाना म्हणाले.

“लपवलंत?”

“गरम पाण्यात हात बुडवून जायचो. कवा म्हणायचो थंडी हाय. कवा म्हणायचो जाळी आवळली म्हणून बोटं आखडली. नानांच्या मुठीत पाखरू झोपतं, असं समद्यांच्या तोंडी. कसं सांगायचं?”

डॉक्टरांनी खिशातल्या मुठी आवळल्या.

“मग?”

“मग एक धोबी आला जाळ्यात. येवढासा.” नानांनी दाखवायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. “तंगडी मोडली. काडी मोडावी तशी. आवाजसुदीक न्हाई.”

“काय केलंत?”

“सोडला. उडाला. उडताना पाय लोंबत हुता.”

“जगला असेल,” डॉक्टर घाईने म्हणाले. “जगतात पक्षी. एका पायावरही जगतात.”

“कडी मग त्याच्या दुसऱ्या पायात घातली हुती. कुटं कुणाला घावला असता तर त्या मंडळींना पत्र आलं असतं.”

…

“न्हाई आलं.”

डॉक्टर ताडकन उठले. तोंड लाल झालं होतं.

“पाखराची गोष्ट वेगळी, नाना. माणसाचं तसं नसतं. माणसासाठी भूल असते, यंत्रं असतात, औषधं असतात. हातावरसुद्धा गोळ्या असतात. अठ्ठावीस वर्षांचा हात असा एका दिवसात जात नाही!”

नानांनी वर पाहिलं. त्यांचा उजवा डोळा दुधाळ झाला होता. डॉक्टरांनी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता, धंद्याच्या सवयीने. पण बोलले नव्हते.

“मी कुटं माणसाचं बोललो?” नाना म्हणाले.

डॉक्टर वळले आणि बांध उतरून तरातरा गाडीकडे निघून गेले.

मंगळवारी ते तळ्यावर गेले नाहीत.

दवाखान्यात कलावतीबाई आल्या होत्या. कलावती लोहार. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. डावा डोळा लहानपणी गोवरात गेलेला. उजव्यात मोतीबिंदू. आता समोरचा माणूस त्यांना फक्त सावलीसारखा दिसे. डॉक्टरांनी त्यांना चार महिने थोपवून धरलं होतं. आधी म्हणाले साखर जास्त आहे, मग म्हणाले सर्दी जाऊ द्या, मग म्हणाले मशीन दुरुस्तीला गेलंय. आता कारणं संपली होती. गुरुवार ठरला होता.

“त्या मॅडम म्हणाल्या, मी करते,” कलावतीबाई हसून म्हणाल्या. “लई गुणाची पोर हाय. पण मी म्हटलं, नको बाई. एकच डोळा हाय. हुपरीकरांचाच हात पायजे.”

डॉक्टरांना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. छाती फुगली. मग आपल्याला बरं वाटलं ह्याचीच त्यांना इतकी लाज वाटली की ते उठून हात धुवायला गेले. नळाखाली हात धरून बराच वेळ तसेच उभे राहिले.

संध्याकाळी दवाखाना रिकामा झाल्यावर त्यांनी खाटकाकडून बोकडाचे दोन डोळे मागवले. शिकाऊ डॉक्टर त्यावरच हात बसवतात. गोळी घेतली, अर्धा तास थांबले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बसले.

पहिला डोळा साधला. अगदी जुन्या हुपरीकरांसारखा.

दुसरा नाही. आतला पडदा टर्रकन फाटला.

त्यांनी दोन्ही डोळे कागदात गुंडाळून टाकून दिले. गाडी चालवताना स्वतःशीच म्हणत राहिले, पहिला साधला. पहिला साधला ना.

बुधवारी सकाळी सूर्य वर यायच्या आत ते तळ्यावर हजर.

नाना बांधावर उभे होते. समोरच्या उघड्या पाण्यावर तलवार बदकं उतरली होती, टोकदार लांब शेपट्यांची. पाच-सहाशे तरी असतील. सगळी गप्प, चोची पंखांत खुपसलेल्या. पाणी दिसत नव्हतं इतकी दाट.

डॉक्टरांनी बदकांकडे पाहिलंच नाही.

“मी गोळी घेतलीय,” ते म्हणाले. “हे बघा.”

त्यांनी हात पुढे केला. हात जवळजवळ स्थिर होता.

“दोन तास राहतं असं. उद्या एक ऑपरेशन आहे. अर्ध्या तासाचं काम. एकच डोळा असलेली बाई आहे, माझ्यासाठी थांबलीय. तिचा माझ्यावर विश्वास आहे. मी नाही म्हटलं तर तिला काय वाटेल? आणि लोक… एकदा बोललं की संपलं, नाना. मग मी कोण? दवाखान्यात बसून चष्म्याचे नंबर काढणारा? उद्याचं एक नीट झालं की बघू पुढचं. फक्त उद्याचं. तुम्ही एवढं सांगा, की हात…”

त्यांना दम लागला.

नाना ऐकत होते. मग बांधावरच्या दगडावर बसले. तोंड वर केलं. हलणाऱ्या बोटाने उजव्या डोळ्याची खालची पापणी ओढली. दुधाळ बुबुळ सकाळच्या उजेडात उघडं पडलं.

“मग माझा करा,” म्हणाले.

“काय?”

“माझा डोळा. आज करा.”

“आज? नाना, असं होत नाही. तपासण्या असतात…”

“मग उद्या करा. त्या बाईच्या आदी.”

“तुम्ही थट्टा करताय.”

“न्हाई.”

…

“पिकलाय का तेवढं तरी बगा,” नाना म्हणाले.

इथे सवयीने डॉक्टरांना दगा दिला. कुणी डोळा पुढे केला आणि त्यांनी पाहिला नाही, असं अठ्ठावीस वर्षांत झालं नव्हतं. ते वाकले. डावा हात नानांच्या कपाळावर टेकला. उजव्या अंगठ्याने वरची पापणी हळूच उचलली.

पापणी फार पातळ असते. तिच्यावर टेकलेलं बोट काय करतंय, ते पापणीच्या धन्यापासून लपत नाही.

नाना पापणी न लववता वर बघत राहिले.

डॉक्टरांना आपला अंगठा जाणवला. गोळी घेतलेला, शहाण्यासारखा वागणारा अंगठा. आत, अगदी आत, एक बारीक सूर लागावा तसा तो कापत होता.

…

“पिकलाय?”

“पिकलाय.”

“किती वाजता येऊ?”

डॉक्टरांनी पापणी सोडली. पण हात मागे घ्यायचं सुचलं नाही. तो तसाच नानांच्या गालावर राहिला.

“नको,” ते म्हणाले.

“का?”

“नको, नाना.”

“माझा गेला तर एक राहतो,” नाना म्हणाले. “मी येतो की.”

डॉक्टर मटकन खाली बसले, बांधाच्या ओल्या मातीत, चांगली पँट घालून. पाण्यावरून धूर निघावा तसं धुकं उठत होतं. दूर कुठेतरी टिटवी ओरडली आणि थांबली.

“मी तुमच्या डोळ्याला हात लावणार नाही,” डॉक्टर म्हणाले. मग अगदी हळू, “माझा हात कापतो.”

चार महिन्यांत पहिल्यांदा ते शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडले होते. त्यांनी नानांकडे पाहिलं. जणू आता काहीतरी मिळेल. खांद्यावर हात, एखादा चांगला शब्द.

“मला कशाला सांगताय?” नाना म्हणाले. “मी काय उद्या टेबलावर हाय?”

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला. काढला आणि हातात धरून बसले. एकदा वाटलं, दवाखान्यात जाऊन सांगू. दार लावून, खुर्चीत बसून, नीट शब्द जुळवून. पण दवाखान्यात गेलो की आपण पुन्हा हुपरीकर होणार, हेही त्यांना कळत होतं.

त्यांनी नंबर लावला.

तांबवडीच्या तळ्यावर फोनला रेंज म्हणजे नुसता खेळ. दोन पावलं इकडे सरकलं की येते, तिकडे सरकलं की जाते.

“तबस्सुम, उद्याची कलावतीबाईंची केस तू कर.”

“सर? सर, आवाज येत नाही.”

डॉक्टर उठले. बांधावर चार पावलं चढले. “उद्याची केस. कलावतीबाई. तू कर.”

“मी? पण सर, त्या तुमच्यासाठी थांबल्यात. का, सर? तुम्ही बाहेरगावी जाताय?”

किती सोपं होतं. हो म्हटलं की झालं. बाहेरगावी. लग्न, परिषद, काहीही.

डॉक्टरांनी एकदा डोळे मिटले.

“माझा हात कापतो,” ते म्हणाले.

“सर, तुटतंय… काय म्हणालात?”

“माझा हात कापतो!”

“हॅलो? सर?”

“माझा हात कापतो, तबस्सुम! चार महिने झाले! माझा हात कापतो!”

छातीच्या तळापासून आलेली ती आरोळी सपाट पाण्यावरून सरळ पलीकडच्या काठापर्यंत गेली.

आणि सगळं तळं उठलं.

पाच-सहाशे पंखांच्या जोड्या एकदम पाण्यावर आपटल्या. कुणीतरी प्रचंड तागा टराटरा फाडावा तसा आवाज झाला. बदकं बांधावरून, दोघांच्या डोक्यांवरून गेली. पाण्याचे थेंब तोंडावर उडाले. आभाळात एक काळी रेघ वळली, फाटली, पुन्हा जुळली आणि टेकडीमागे लांब होत गेली. खाली नुसतं हलणारं पाणी राहिलं.

फोनमध्ये कुणी बोलत नव्हतं. डॉक्टरांना वाटलं, फोन कटला.

मग तबस्सुमचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. “सर… उद्या तुम्ही माझ्या शेजारी उभे राहाल ना?”

“राहीन,” डॉक्टर म्हणाले.

पुढचं इथेच सांगून टाकतो. त्याच संध्याकाळी डॉक्टर कलावतीबाईंच्या घरी गेले आणि खरं ते सांगितलं. बाई चिडल्या. “मग मला चार महिनं आंधळी कशाला ठेवलीत?” असं तोंडावर विचारलं. डॉक्टरांनी ह्या वेळी कारण बनवलं नाही. गुरुवारी तबस्सुमने डोळा केला. डॉक्टर शेजारी उभे होते, हात पाठीमागे बांधून. एकदा फक्त म्हणाले, “घाई नको. थांब जरा. हं, आता.” डोळा चांगला आला. त्यानंतर हुपरीकरांनी हातात सुई धरली नाही. त्यांच्यापाशी शिकायला मात्र लांबून लांबून मुलं येऊ लागली. नानांचा डोळाही त्या उन्हाळ्यात तबस्सुमनेच केला. लोक बोलायचं ते बोलले, आणि मग दुसऱ्या विषयाकडे वळले.

पण हे सगळं नंतरचं.

त्या बुधवारी सकाळी फोन खिशात टाकून डॉक्टर बांधावर उभे होते. घसा बसला होता. समोर मैलभर रिकामं पाणी. पाखरं बघायला येणाऱ्याने आवाज करू नये, हे त्यांना ठाऊक होतं. हजारो कोसांवरून आलेले थकलेले जीव.

ते ओशाळले.

“नाना, माझ्यामुळे सगळी उडाली.”

केरूनाना टेकडीकडे बघत होते. तिथे आता काहीच दिसत नव्हतं.

…

“उडू द्या,” ते म्हणाले. “लई येळ बसून हुती.”